क्लासिक स्पोर्ट्स कारचे इंधनमान : वजन, वारा आणि मिश्रण

प्रस्तावना :

मोटारगाडीविषयी आपल्याकडे विचारला जाणारा पहिला प्रश्न म्हणजे ‘ॲव्हरेज किती देते?’ एका लिटर पेट्रोलमध्ये किती किलोमीटर, एवढाच त्याचा आशय. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ नुसता ‘सरासरी’ असा आहे. त्याला इंधनाचा संदर्भ आपण चिकटवला. तरीही हा वापर चुकीचा म्हणवत नाही. गाडीचे इंधनमान ही खरोखरच एक सरासरी असते आणि ती कशाकशाची काढली आहे हे ठाऊक नसेल, तर हाती आलेला आकडा दिशाभूल करतो.

क्लासिक स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, कारण उत्तर गृहीत धरलेले असते. लांब नाक, दोन आसने, मोठा आवाज. अशी गाडी पेट्रोल पिणारच, असे आपण मानून चालतो. प्रस्तुत लेखात साधारणतः १९५० ते १९७५ या कालखंडातील स्पोर्ट्स कारच्या आधारे हे गृहीतक तपासावयाचे आहे. या काळातील कित्येक स्पोर्ट्स कार इंधनाच्या बाबतीत काटकसरी होत्या. ही काटकसर त्यांच्या इंजिनाच्या गुणातून नव्हे, तर लहान व हलक्या देहातून आलेली होती. आणि पुढे इंजिने सुधारली तेव्हा त्या सुधारणेचा मोठा हिस्सा वाढत्या वजनाने गिळला, असे या विवेचनाचे सूत्र आहे.

या विषयाचे महत्त्व केवळ शौकिनांपुरते नाही. जुन्या वाहनांविषयीच्या आजच्या चर्चेत इंधन, धूर आणि वय या तीन स्वतंत्र गोष्टी एकाच मोळीत बांधल्या जातात. गाडी जुनी, म्हणून ती इंधन अधिक खाणारी, म्हणून प्रदूषण करणारी, असा तो युक्तिवाद असतो. यातील प्रत्येक पायरी वेगळी तपासली पाहिजे. येथे हेही नमूद करणे योग्य होईल की, प्रस्तुत लेखकाच्या दारात अशी कोणतीही गाडी नाही आणि सहायक प्राध्यापकाच्या वेतनात ती येण्याची शक्यताही दिसत नाही. तेव्हा पुढील विवेचनामागे मालकाची ममता आहे, असा संशय वाचकांनी घेऊ नये.

आकडे वाचताना :

या गाड्यांची बहुतेक माहिती ब्रिटिश व अमेरिकन नियतकालिकांतील चाचण्यांतून मिळते आणि तेथे इंधनमान ‘मैल प्रति गॅलन’ या परिमाणात दिलेले असते. येथेच पहिला घोटाळा होतो. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, तर अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा. ‘३० मैल प्रति गॅलन’ हा आकडा ब्रिटिश नियतकालिकात असेल तर त्याचा अर्थ लिटरला सुमारे १०.६ किलोमीटर होतो. तोच अमेरिकन नियतकालिकात असेल तर सुमारे १२.८. एकाच गाडीविषयी दोन देशांत दोन मते आढळली, तर बहुतेक वेळा दोष गाडीचा नसून गॅलनचा असतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘लिटरला किती किलोमीटर’ हे माप सरळ रेषेत चालत नाही. लिटरला ६ किलोमीटर देणारी गाडी ८ देऊ लागली, तर हजार किलोमीटरमागे सुमारे ४२ लिटर पेट्रोल वाचते. लिटरला १६ देणारी गाडी १८ देऊ लागली, तर तेवढ्याच अंतरात वाचतात जेमतेम ७ लिटर. दोन्ही ठिकाणी फरक दोनच किलोमीटरचा दिसतो. खिशाला मात्र तो सहा पट वेगळा पडतो. युरोपात ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असे उलटे माप वापरतात ते या कारणाने अधिक प्रामाणिक ठरते.

तिसरे म्हणजे चाचणीची पद्धत. ताशी ५६ मैल, म्हणजे ९० किलोमीटर, या स्थिर वेगाने सपाट रस्त्यावर मिळणारा आकडा आणि चाचणी घेणाऱ्याने गाडी पिळून काढली असताना मिळालेला आकडा यांत मोठी तफावत असते. स्पोर्ट्स कारच्या चाचण्या बहुधा दुसऱ्या प्रकारच्या होत. जिचा कमाल वेग मोजावयाचा, जिचे त्वरण मोजावयाचे, तिचेच त्या आठवड्यातील एकूण पेट्रोल मोजून सरासरी काढली जाई. कौटुंबिक गाडीला अशा वागणुकीला सहसा सामोरे जावे लागत नसे. स्पोर्ट्स कारच्या अपकीर्तीत या पद्धतीचा वाटा आहे.

वजन आणि वारा :

सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने जाणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन विरोधांवर मात करावी लागते. एक, चाकांचा रोध. तो गाडीच्या वजनाच्या प्रमाणात असतो. दोन, हवेचा रोध. तो गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ, तिच्या आकाराचा रोधांक आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराने ठरतो. शहरात थांबत-धावत जाताना त्यात वजनाचा आणखी एक खर्च मिळतो, कारण प्रत्येक वेळी तेवढे वस्तुमान नव्याने गतिमान करावे लागते आणि ब्रेक दाबताच ती ऊर्जा उष्णता होऊन जाते.

एक साधे गणित करून पाहू. यातील गाड्या कल्पित आहेत, परंतु आकडे वास्तवाजवळचे आहेत. पहिली गाडी ६०० किलोची, तिचा रोधांक आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.४५ चौरस मीटर. दुसरी त्याच काळातील, १२०० किलोची, गुणाकार ०.७५. वेग ताशी १०० किलोमीटर. चाकांच्या रोधाचा गुणक दोघींसाठी ०.०१५ धरला, तर पहिलीला एकूण सुमारे २९७ न्यूटन, तर दुसरीला सुमारे ५२४ न्यूटन विरोध होतो. शंभर किलोमीटरसाठी लागणारी ऊर्जा अनुक्रमे सुमारे ३० आणि ५२ मेगाज्यूल. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि त्या काळच्या इंजिनाने चाकांपर्यंत त्यातील १८ टक्के पोहोचवली असे मानू. मग पहिली गाडी लिटरला सुमारे १९ किलोमीटर जाईल आणि दुसरी सुमारे ११. दोघींचे इंजिन सारख्याच गुणाचे आहे. फरक केवळ देहाचा आहे.

आता तिसरी गाडी आजची घेऊ. तीही १२०० किलोची, रोधगुणाकार ०.६५, टायर सुधारलेले असल्याने चाकांचा गुणक ०.०१० आणि इंजिनाची कार्यक्षमता २८ टक्के. हिचे उत्तर लिटरला सुमारे २१ किलोमीटर येते. म्हणजे इंजिनाची कार्यक्षमता दीडपटीहून अधिक वाढली, टायर सुधारले, तरी सहाशे किलोच्या जुन्या गाडीपेक्षा लाभ झाला तो लिटरमागे दोन किलोमीटरचा. उरलेला लाभ कोठे गेला? तो मोठ्या देहात आणि त्या देहासोबत आलेल्या सुरक्षिततेत, वातानुकूलनात व शांततेत गेला. हा खर्च व्यर्थ होता असे म्हणता येणार नाही. अपघातात माणूस वाचणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु हिशेबात तो दाखवला पाहिजे.

पहिल्या कल्पित गाडीच्या अगदी जवळ जाणारी खरी गाडी म्हणजे लोटस एलिट. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ती १९५७ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मांडली. तिला वेगळी पोलादी चौकट नव्हती. काचतंतूयुक्त प्लॅस्टिकचे संपूर्ण कवच हाच तिचा भार पेलणारा सांगाडा होता. इंजिन १२१६ घनसेंटिमीटरचे, कॉव्हेंट्री क्लायमॅक्स या कंपनीचे. ते मुळात अग्निशमन पंपासाठी तयार केलेल्या इंजिनाच्या कुळातील. शक्ती सुमारे ७५ अश्वशक्ती आणि हवेचा रोधांक ०.२९. हा रोधांक आजच्या गाडीलाही कमीपणा आणणारा नाही. ब्रिटनच्या ‘द मोटर’ या नियतकालिकाने १९६० मध्ये घेतलेल्या चाचणीत तिचा कमाल वेग ताशी सुमारे १८० किलोमीटर भरला आणि इंधनमान ४०.५ मैल प्रति ब्रिटिश गॅलन, म्हणजे लिटरला १४.३ किलोमीटर मिळाले. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचे कार्ब्युरेटर, साधे टायर, हाताने जुळवलेली प्रज्वलन वेळ आणि वर १८० चा वेग, हे सर्व लक्षात घेता हा आकडा थक्क करणारा आहे.

डोळ्यांना सुंदर दिसणारा आकार वाऱ्यालाही मानवतो, ही समजूत मात्र सोडून द्यावी लागते. १९६१ मध्ये आलेली जॅग्वार ई-टाइप ही जगातील देखण्या गाड्यांत गणली जाते. तिचा आकार माल्कम सेयर यांनी सिद्ध केला. ते विमान उद्योगातून आलेले आणि गणिताने वक्ररेषा आखणारे अभियंता होते. तरीही तिचा रोधांक सुमारे ०.४४ इतका नोंदला गेला आहे. वजन सव्वा टनाच्या आसपास आणि इंजिन ३.८ लिटरचे असल्याने ती लिटरला सुमारे ६.५ ते ७ किलोमीटर देई. १९७१ मध्ये तिला १२ सिलिंडरचे ५.३ लिटरचे इंजिन मिळाले तेव्हा हा आकडा पाचाच्या घरात आला. स्पोर्ट्स कार म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे ई-टाइप उभी राहते आणि तिचा आकडा आपण सर्व जातीला लावतो. हे म्हणजे हत्तीच्या आहारावरून सर्व सस्तन प्राण्यांचा आहार ठरवण्यासारखे झाले.

शर्यत आणि काटकसर :

शर्यत म्हणजे उधळपट्टी, असाही एक समज आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तो टिकत नाही. फ्रान्समधील ल मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीत एकूण अंतराच्या क्रमांकाखेरीज ‘औष्णिक कार्यक्षमता निर्देशांक’ या नावाचे स्वतंत्र पारितोषिक दिले जात असे. वापरलेले इंधन, गाडीचे वजन आणि तिने गाठलेला सरासरी वेग यांचा त्यात एकत्र विचार होई. १९६१ मध्ये हे पारितोषिक सनबीम अल्पाइन या साध्या ब्रिटिश दोन आसनी गाडीने मिळवले, तर १९६२ मध्ये डेव्हिड हॉब्स आणि फ्रँक गार्डनर यांनी चालवलेल्या लोटस एलिटने. त्या वर्षी एलिट एकूण क्रमवारीत आठवी आली. तिच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट क्षमतेच्या इंजिनांच्या कित्येक गाड्या तोवर शर्यतीतून बाद झाल्या होत्या.

याहून बोलके उदाहरण जपानचे आहे. टोयोटा कंपनीची स्पोर्ट्स ८०० ही गाडी एप्रिल १९६५ मध्ये बाजारात आली. तिच्या रचनेमागे तात्सुओ हासेगावा हे अभियंता होते. युद्धकाळात त्यांनी विमानांच्या आराखड्यावर काम केले होते. पुढे पहिल्या कोरोला गाडीचे प्रमुख अभियंता म्हणून ते ओळखले गेले. स्पोर्ट्स ८०० चे वजन ५८० किलो आणि इंजिन दोन सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, ७९० घनसेंटिमीटरचे. शक्ती अवघी ४५ अश्वशक्ती. तरी ती ताशी १५५ किलोमीटर वेग गाठे, कारण तिला ढकलावे लागणारे ओझे आणि वारा दोन्ही थोडे होते. जानेवारी १९६६ मध्ये सुझुका येथे ५०० किलोमीटरची शर्यत झाली. कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्या तीत होत्या. त्या पुढे धावत आणि पेट्रोल भरण्यासाठी थांबत. स्पोर्ट्स ८०० थांबलीच नाही. सबंध शर्यत एकदाही इंधन न भरता तिने पुरी केली आणि पहिले दोन्ही क्रमांक पटकावले. ससा-कासवाची गोष्ट येथे आठवेल, परंतु हे कासव मुळीच मंद नव्हते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टोयोटाने गॅस टर्बाइन आणि विद्युत मोटर यांच्या संकराचा प्रयोग केला, तेव्हाही कंपनीने याच हलक्या गाडीची निवड केली होती.

मिश्रणाचा प्रश्न :

आतापर्यंतच्या विवेचनावरून जुन्या गाड्यांची इंजिने निर्दोष होती असे कोणास वाटेल, तर तो गैरसमज ठरेल. इंजिन हा त्यांचा दुबळा भाग होता आणि त्यातही कार्ब्युरेटर.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. अधिकात अधिक शक्ती हवी असेल तर मिश्रण थोडे दाट, म्हणजे १२.५ ते १३ च्या आसपास ठेवावे लागते. काटकसर हवी असेल तर थोडे विरळ, १६ च्या आसपास. इंजिनाला प्रत्येक क्षणी यांपैकी काय हवे ते बदलत असते. आजच्या गाडीत ऑक्सिजन संवेदक आणि संगणक हे काम सेकंदाला अनेकदा करतात. कार्ब्युरेटरकडे त्यासाठी होते पितळी जेट, एक सुई आणि हवेचा दाब.

ब्रिटिश गाड्यांत सर्रास आढळणारा एसयू कार्ब्युरेटर हा रचनेने अत्यंत साधा आहे. हवेच्या ओढीने आतला दट्ट्या वर उचलला जातो, त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि तेवढ्या प्रमाणात पेट्रोलची वाट मोकळी होते. सुईचा निमुळतेपणा हीच तिची बुद्धी. परंतु हजारो किलोमीटर चालल्यावर सुई जेटच्या कडेला घासते, भोक अंडाकृती होते आणि मिश्रण दाट होत जाते. गाडी बंद पडत नाही, धक्के देत नाही. फक्त पेट्रोल अधिक पिऊ लागते. मालकाला ते गाडीच्या वयाचे लक्षण वाटते, वस्तुतः तो थोड्या पैशांत बदलता येणाऱ्या दोन सुट्या भागांचा दोष असतो. दोन कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत ते एकमेकांशी जुळलेले नसतील तर ही गळती आणखी वाढते.

कार्ब्युरेटरचा दुसरा दोष रचनेतच आहे. एका कार्ब्युरेटरमधून निघालेले मिश्रण नळीवाटे तीन-चार सिलिंडरांत वाटले जाते तेव्हा ते सारखे वाटले जात नाही; पेट्रोलचे थेंब वळणावर भिंतीला चिकटतात. ज्या सिलिंडरच्या वाट्याला सर्वांत विरळ मिश्रण येते तोही व्यवस्थित पेटला पाहिजे, म्हणून एकूण मिश्रण गरजेहून दाट ठेवावे लागते. इटालियन वेबर कार्ब्युरेटरांच्या मांडणीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट मिळे आणि वाटपाचा प्रश्न सुटे. पण त्यांतील प्रवेगक पंप पायाच्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी पेट्रोलची जादा पिचकारी सोडतो. म्हणून वेबर लावलेल्या गाडीचे इंधनमान चालकाच्या उजव्या पायावर जितके अवलंबून असते तितके इतर कशावरही नाही.

येथे एका कमी चर्चिल्या जाणाऱ्या बाबीचा उल्लेख करावासा वाटतो. थोड्या भाराने गाडी चालत असताना सिलिंडरमधील मिश्रण विरळ व कमी दाबाचे असते आणि ते सावकाश जळते. त्यामुळे ठिणगी अधिक लवकर पडणे हिताचे असते. साध्या कौटुंबिक गाड्यांत हे काम निर्वात दाबावर चालणारी एक छोटी डबी करी. वेबर कार्ब्युरेटरच्या लोटस इलानसारख्या गाड्यांत मात्र डिस्ट्रिब्युटरला ही डबी नसे, कारण शर्यतीसारख्या पूर्ण भाराच्या चालीत तिचा उपयोग नाही. रस्त्यावरच्या रोजच्या चालीत याची किंमत पेट्रोलने चुकवावी लागे. याउलट, एमजीबी आणि ट्रायम्फच्या टीआर मालिकेत मिळणारी ओव्हरड्राइव्हची सोय ही काटकसरीची होती. कळ दाबताच इंजिनाचे फेरे कमी होत, वेग तोच राही. लांबच्या प्रवासात तिचा लाभ स्पष्ट जाणवे.

संपीडन गुणोत्तराचा मुद्दा थोडक्यात. इंजिनातील मिश्रण जितके अधिक दाबून पेटवावे तितकी औष्णिक कार्यक्षमता वाढते. त्यासाठी उच्च ऑक्टेनचे पेट्रोल लागते आणि त्या काळी ऑक्टेन वाढे ते शिशामुळे. म्हणजे क्लासिक काळातील इंजिनांची जी काही कार्यक्षमता होती, तिच्या मुळाशी एक विषारी पदार्थ होता. शिसे गेले ते योग्यच झाले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली.

१९७३ नंतर :

ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलसंकट उद्भवले. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेने महामार्गांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आणली. १९७५ च्या कायद्याने प्रत्येक उत्पादकाच्या गाड्यांच्या सरासरी इंधनमानाला बंधन घातले. १९७८ च्या मॉडेलांसाठी ही सरासरी १८ मैल प्रति अमेरिकन गॅलन होती, १९८५ साठी २७.५. या धक्क्याने स्पोर्ट्स कार काटकसरी झाल्या असतील असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात काही काळ उलटेच घडले.

याचे कारण, धूर व सुरक्षितता यांविषयीचे नियम त्याच सुमारास लागू झाले आणि तत्कालीन तंत्राला तिन्ही उद्दिष्टे एकदम साधता येत नव्हती. धूर कमी करण्यासाठी संपीडन गुणोत्तर उतरवले गेले, ठिणगी उशिरा पाडली जाऊ लागली, काही धूर पुन्हा सिलिंडरमध्ये सोडला जाऊ लागला. प्रत्येक उपायाने कार्यक्षमता घटली. १९७५ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटचे ५.७ लिटरचे मूळ इंजिन अवघी १६५ अश्वशक्ती देई. एमजीबीला १९७४ च्या अखेरीस रबरी आवरणाचे जड बंपर बसले, नियमातील उंची गाठण्यासाठी संपूर्ण गाडी इंच-दीड इंचाने वर उचलली गेली आणि अमेरिकेतील आवृत्तीत दोन एसयूंच्या जागी एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटर आला. गाडी जड झाली, मंद झाली, तिची चाल बिघडली. ‘जुनी गाडी म्हणजे कमी शक्ती आणि जास्त पेट्रोल’ ही प्रतिमा बऱ्याच अंशी या काही वर्षांतील गाड्यांनी निर्माण केली आणि ती आधीच्या पिढीच्याही माथी बसली.

सर्वाधिक झळ लागली ती माझदाच्या रोटरी इंजिनाला. १९६७ च्या कॉस्मो स्पोर्ट या गाडीने माझदाने हे इंजिन रूढ केले. दट्ट्याऐवजी त्रिकोणी रोटर फिरत असल्याने ते आकाराने लहान, गुळगुळीत चालणारे आणि वजनाच्या मानाने शक्तिमान होते. परंतु त्याचा ज्वलनकक्ष लांबट व चपटा असतो. आकारमानाच्या तुलनेत भिंतींचे क्षेत्रफळ फार, त्यामुळे उष्णता भिंतींवाटे निघून जाते आणि कोपऱ्यांतील मिश्रण अर्धवट जळते. पेट्रोल स्वस्त असेपर्यंत हा दोष खपला. संकटानंतर अमेरिकेतील विक्री कोसळली आणि कंपनीला बँकेच्या आधाराने उभे राहावे लागले. माझदाने रोटरी सोडले नाही. इंधनमान ४० टक्क्यांनी सुधारण्याचे उद्दिष्ट ठेवून काम केले आणि १९७८ मध्ये आरएक्स-७ ही हलकी स्पोर्ट्स कार आणली. या यशात इंजिनाच्या सुधारणेइतकाच गाडीच्या हलकेपणाचाही वाटा होता.

इंजिनाच्या अंगाने झालेल्या प्रगतीचे उदाहरण जॅग्वारचेच देता येईल. १९८१ मध्ये एक्सजे-एस या गाडीच्या १२ सिलिंडरच्या इंजिनाला स्विस अभियंता मायकेल माय यांच्या रचनेचे नवे सिलिंडर-हेड बसवण्यात आले. ज्वलनकक्षात मिश्रणाला जोराची गिरकी मिळेल अशी ही रचना होती. त्यामुळे विरळ मिश्रणही नीट जळू लागले आणि युरोपीय आवृत्तीचे संपीडन गुणोत्तर १२.५ पर्यंत नेता आले. तेच इंजिन, तीच क्षमता, परंतु पेट्रोलचा खप लक्षणीय उतरला. केवळ कक्षाचा आकार बदलून एवढे साधत असेल, तर आधीची वीस वर्षे किती पेट्रोल वाया गेले असेल याची कल्पना करता येते.

भारतीय संदर्भ :

आपल्याकडे परवाना पद्धतीच्या काळात स्पोर्ट्स कार जवळजवळ नव्हत्या. मात्र त्यांच्या कुळातील एक गाडी आपल्या रस्त्यांवर होती. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून तयार केलेली स्टँडर्ड हेराल्ड ही मूळची ट्रायम्फ हेराल्ड. आणि १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार हेराल्डच्याच सांगाड्यावर, तो आखूड करून, उभी राहिली होती. दोहोंचा आराखडा इटलीच्या जिओव्हानी मिचेलोत्ती यांचा. ज्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी हेराल्ड चालवली असेल त्यांनी, नकळत का होईना, अर्धी स्पिटफायर चालवली आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जतन केलेल्या खासगी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते; रोजच्या वापरासाठी नाही. इंधनाच्या दृष्टीने याचा अर्थ असा : वर्षाकाठी ५०० किलोमीटर चालणारी ई-टाइप लिटरला ६.५ च्या हिशेबाने सुमारे ७७ लिटर पेट्रोल घेईल. महाविद्यालयात रोज ये-जा करणारी, वर्षाला १०,००० किलोमीटर चालणारी आणि लिटरला २० देणारी आपली छोटी गाडी घेते ५०० लिटर. धुराचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि तेथे जुन्या गाडीची बाजू लंगडी आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन यांच्या बाबतीत उत्प्रेरक नसलेली गाडी प्रत्येक किलोमीटरमागे आजच्या गाडीच्या कितीतरी पट घाण करते, मग ती लिटरला चौदा किलोमीटर देणारी एलिट का असेना. इंधनमान चांगले म्हणून धूर स्वच्छ, हा निष्कर्ष चुकीचा. तसाच धूर काळा म्हणून इंधनमान वाईटच, हाही नेहमी खरा नसतो.

या मालकांपुढचा आजचा खरा प्रश्न इथेनॉलचा आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून निरनिराळ्या शहरांतील पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत देशभर पोहोचले. यातील पुष्कळ इथेनॉल उसापासून येते, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखानदारीशी या विषयाचे थेट नाते आहे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून २० टक्के मिश्रणात लिटरमागे ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते आणि ‘ॲव्हरेज’ही त्या बेताने उतरते. एवढ्यावर भागले असते तर तक्रारीचे कारण नव्हते. परंतु इथेनॉलच्या पूर्ण ज्वलनाला नऊच पट हवा लागते. संगणक असलेली गाडी हे ओळखून पेट्रोल वाढवते. कार्ब्युरेटरला ते कळत नाही. साध्या पेट्रोलसाठी जुळवलेली सुई नव्या इंधनावर सुमारे आठ टक्के विरळ मिश्रण देते. पूर्वी मिश्रण दाट असेल तर हा बदल पथ्यावरही पडतो. ते आधीच काठावर असेल तर इंजिन तापते, अडखळते, झडपांना इजा होते. यावर उपाय आहे तो अधिक जाड धारेची सुई किंवा मोठे जेट बसवण्याचा. त्याच वेळी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या जुन्या रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे करून घ्यावे लागतात, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी लागते, कारण इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते आणि पाणी तळाशी बसते. जमेची बाजू एकच : इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो. शिसे गेल्यापासून उच्च संपीडनाच्या या जुन्या इंजिनांना ठोके बसू नयेत म्हणून ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागत असे. ती आता पुन्हा थोडी पुढे आणता येते आणि वेळ नीट जुळवली तर गमावलेल्या सात टक्क्यांतील काही भाग परत मिळतो.